लिंडनरचा डाख

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. सुमनजवळ, म्हणजे बायकोजवळसुद्धा नाही — आणि चहात दुसऱ्यांदा साखर घातलेलीही तिच्यापासून लपत नाही, तेव्हा विचार करा. सात वर्षं झाली. सात वर्षं एक पितळी नळी माझ्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. करंगळीच्या दोन पेरांएवढी लांब, अंगभर बारीक भोकं. कधी दाढीच्या सामानात, कधी मोज्यांच्या खणात. फेकून का दिली नाही? इझार नदीच्या पुलावरून हजारदा गेलो असेन. हात खिशात जायचा आणि तसाच परत यायचा.

आज शनिवार आहे. दुपारी तीन वाजता गावातल्या गास्टहाउसात, म्हणजे खानावळीत, मायस्टर लिंडनर यांचा निरोपसमारंभ आहे, आणि मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. त्याआधी हे कागदावर उतरवतो आहे. तुम्ही ऐका फक्त. निदान एकदा ते माझ्या हातून पूर्ण सांगून होईल.

मी पुण्याचा, अभ्यंकर. इंजिनिअर होऊन इथे म्युनिकला डॉक्टरेट करायला आलो, आणि राहायला खोली मिळाली ती उंटरश्लाइसहाइमला. तेव्हा हे म्हणजे अगदी खेडं: चर्च, गास्टहाउस, एवढंसं स्टेशन, आणि नजर पोचेल तिथवर बटाटे. खोली मिळवून दिली लिंडनर यांनीच. आमच्या संस्थेच्या वर्कशॉपचे ते मायस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, राहायचे याच गावात. चाळीस वर्षं हातात कानस घेऊन काढलेला माणूस. बोलणं बेताचं. पत्र्याला पत्रा असा जोडायचे की बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. कथील वितळवून केलेल्या त्या जोडाला आपल्याकडे डाख म्हणतात — आमच्या लहानपणी बोळात कल्हईवाला यायचा, तो फुटक्या भांड्यांना लावायचा तोच. लिंडनर यांचा डाख पाहिला की प्रोफेसरसुद्धा चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहायचे. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढे सगळं याच्यावरच आहे.

एका रविवारी ते मला गावाबाहेरच्या कुरणावर घेऊन गेले. तिथे फेसेलफ्लुगचा क्लब होता — बांधलेली विमानं. दोन बारीक पोलादी तारा, एका टोकाला हातभर लांबीचं विमान, दुसऱ्या टोकाला मूठ, मुठीला माणूस. विमान गोल फिरतं, माणूसही मध्ये उभा राहून त्याच्याबरोबर गोल फिरतो. मोठी माणसं हो! पोस्टमन, खाटीक, शाळामास्तर. भोवळ येईपर्यंत फिरायचे आणि खाली बसून हसायचे. आणि वास कसला आला असेल? एरंडेलाचा! त्या इंजिनांच्या इंधनात एरंडेल असतं. लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून आईने पाजलेलं ते एरंडेल, सात समुद्र ओलांडून माझ्याआधी इथे येऊन बसलेलं. मी तिथेच क्लबचा झालो.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे विमान एकदा सोडलं की टाकी रिकामी होईपर्यंत थांबत नाही. आमच्या इंजिनाला वेग कमी करायची सोय नव्हती, बंद करायचीही नव्हती. मूठ धरलेला माणूस फक्त वर-खाली करू शकतो. नको म्हणाला तरी त्याला फिरावंच लागतं.

आणि आवाज! इंजिन सुपारीएवढं, पण बोंब अशी की दोन शेतं पलीकडच्या गाई उधळाव्यात. कुरणाला लागून पहिलं घर फ्राऊ आइगनर यांचं. विधवा बाई, गावाचं शिवणकाम करायच्या. महायुद्धात म्युनिकवर बॉम्ब पडले तेव्हा तिथल्या घराच्या तळघरात त्या दोन दिवस गाडल्या गेल्या होत्या. बाहेर काढलं त्यांना एकटीलाच. मग शांतता हवी म्हणून इथे येऊन राहिल्या — आणि शेजारी आम्ही. विमान फिरायला लागलं की त्यांच्या सुईत दोरा जायचा नाही. त्यांनी भांडण केलं नाही. गेमाइंडेमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, जाऊन एवढंच सांगितलं की मला हे सोसत नाही.

कचेरीने अट घातली: प्रत्येक इंजिनाला आवाज दाबणारा डबा हवा, नाहीतर कुरण बंद. क्लबात सगळ्यांची तोंडं उतरली. डब्याने इंजिनाचा जोर जातो, हा त्यांचा मुद्दा. लिंडनर उठले, टोपी घातली, आणि मला म्हणाले चला. आम्ही फ्राऊ आइगनर यांच्या स्वयंपाकघरात गेलो. त्यांनी आलुबुखाराचा केक पुढे ठेवला. लिंडनर उभेच. टोपी हातात धरून त्यांनी सांगितलं, ‘‘तुमच्या शिवणयंत्राहून जास्त आवाज येणार नाही. माझा शब्द आहे.’’ हा शब्द दिला गेला तेव्हा माझ्या तोंडात केकचा घास होता. म्हणजे मी तिथे होतो. मला माहीत नव्हतं असं मी कधीच म्हणू शकत नाही.

लिंडनर यांनी डबा बनवला. अंगठ्याएवढा, पत्र्याचा. पुढचं तोंड बदकाच्या चोचीसारखं चपटं, धूर बाहेर जायला. मागे आट्यांचं झाकण. आणि झाकणाला आतून डाखाने पक्की बसवलेली ती भोकांची नळी. धूर त्या भोकांतून गाळून जायचा आणि आवाज आतच विरायचा. खरंच शिवणयंत्र! फ्राऊ आइगनर खिडकी उघडी ठेवू लागल्या. गाव लिंडनर यांना टोपी काढून नमस्कार करू लागलं.

आता येतो. येतो हो — पाय जड होतात म्हणून एवढा फेरा घालतो आहे, कळतंय मला.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या कुरणावर शर्यत ठरली. आसपासच्या चार गावांचे क्लब येणार होते. शंभर फेऱ्यांची शर्यत, इतरांच्या विमानांबरोबर एकाच वर्तुळात. टाकी मुद्दाम लहान, म्हणजे मध्ये उतरून इंधन भरावं लागतं. जोडी दोघांची: एक मूठ धरणारा, एक बाहेर कडेला थांबणारा. विमान उतरलं की कडेच्याने ते पकडायचं, टाकी भरायची, बोटाने पंखा फिरवून इंजिन चालू करायचं, सोडायचं. मूठ लिंडनर यांच्याकडे, कडेला मी. माझी बोटं चपळ होती. तबला शिकलो होतो ना, तो अखेर इथे कामाला आला.

पण सरावात आम्ही मागे पडत होतो. डबे सगळ्यांनाच होते, अट सगळ्यांना सारखीच. पण आमच्याएवढा शांत डबा कुणाचाच नव्हता, आणि म्हणून आमच्याएवढं मंद विमानही कुणाचं नव्हतं. लिंडनर यांना त्याचं काहीच नव्हतं. मला होतं. दोन वर्षं माझा प्रयोग नीट चालत नव्हता. प्रोफेसर कपाळाला आठ्या घालायचे. बाबांच्या पत्रात दर वेळी तोच प्रश्न: काम कुठवर आलं? मला काहीतरी जिंकायचं होतं. गावच्या वर्तमानपत्रात फोटो छापून येईल, त्याचं कात्रण पुण्याला पाठवीन, आई ते शेजारीपाजारी दाखवत फिरेल — इथवर मनात मांडून झालं होतं. हे कारण सांगतो आहे. सबब नव्हे.

शर्यतीआधीच्या शुक्रवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना मी वर्कशॉपमध्ये गेलो. डब्याचं झाकण उघडलं. गॅसच्या ज्योतीवर धरलं. डाख वितळला, चिमट्याने नळी ओढली, ती टेबलावर पडली. झाकण परत घट्ट लावलं. बाहेरून ओळखू येण्यासारखं काही म्हणता काही नाही. नळी गरम होती, फुंकर घालून खिशात टाकली. आणि खोटं कशाला सांगू — मी शीळ घालत होतो.

इंजिन टेबलाला बांधून चालवून पाहिलं. जोर वाढला. आवाजही वाढला, पण बेताचा. कागदावर आकडे मांडून मी मान डोलावली. अहो, मी डॉक्टरेट करत होतो कशात? वायूंच्या प्रवाहात! आणि क्लबातल्या खाटकाला जे ठाऊक होतं ते मला सुचलं नाही. टेबलाला बांधलेलं इंजिन आणि हवेत सुटलेलं इंजिन ही दोन निराळी जनावरं. हवेत पंख्यावरचा भार हलका होतो आणि इंजिन आणखी चढतं, चढतच जातं. आकडेमोड करणाऱ्या माणसाचीच ही चूक. प्रयोगशाळेतून मान बाहेर न काढणाऱ्याची.

रविवार उजाडला. ऊन छान होतं. सॉसेज भाजत होते, बँड होता. मी विमान सोडलं.

तो आवाज कसा सांगू? रिकाम्या डब्यात कोंडलेला आणि चिडलेला. प्रत्येक फेरीला जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा यायचा. गर्दीने माना वळवल्या. पण माझं लक्ष लिंडनर यांच्याकडे होतं. पहिल्या फेरीतच त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांना मूठ सोडता येत नव्हती. सोडली असती तर ती वस्तू तारांसकट गर्दीत घुसली असती. ते फिरत होते, आणि दर फेरीला त्यांचं तोंड फ्राऊ आइगनर यांच्या खिडकीकडे व्हायचं. दर फेरीला. टाकी संपेपर्यंत.

टाकी संपली. विमान उतरलं, घसरत माझ्याकडे आलं, मी ते पकडलं. आमचा आवाज एकदम थांबला. आता ऐका, कारण खरं सांगायचं ते इथे आहे. लिंडनर वर्तुळाच्या मधून ओरडले, ‘‘आउस! आउस!’’ — बंद करा. मोकळा हात आडवा हलवत होते. मी टाकी भरली. पंखा फिरवला. सोडलं.

नंतर मी सगळ्यांना सांगितलं की बाकीच्या विमानांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. स्वच्छ आलं होतं, आणि हातही दिसला होता. पण आम्ही पुढे होतो — कळतंय का तुम्हाला? आम्ही पुढे होतो. पहिल्यांदा सोडलं ती माझी चूक म्हणता येईल. दुसऱ्यांदा सोडलं तो मी होतो. तो अख्खा मी होतो. तिसऱ्यांदाही सोडलं.

पहिले आलो. टाळ्या वाजायच्या आत कचेरीतला कारकून धावत आला. फ्राऊ आइगनर घरात कुठे दिसत नाहीत म्हणाला. लिंडनर यांनी मूठ खाली टाकली आणि थेट त्यांच्या तळघराकडे गेले. त्या तिथे होत्या, बटाट्यांच्या पोत्यांमध्ये, डोक्यावर हात घेऊन. लिंडनर त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. मी पायऱ्यांच्या वर उभा होतो. खाली उतरलो नाही.

मग कुरणावर, सगळ्यांसमोर, क्लबचे अध्यक्ष श्ट्रोबेल म्हणाले की डबा उघडा. लिंडनर यांनी झाकण फिरवून काढलं. आत पाहिलं. मग झाकणाकडे पाहिलं. जिथे नळी असायला हवी होती तिथे अंगठा फिरवला. नळी माझ्या पँटच्या खिशात, मांडीला टोचत होती. मनात काय चाललं होतं? व्हिसा. प्रोफेसर. परत पाठवतील. बाबांना काय सांगू. फ्राऊ आइगनर — त्या मनात नव्हत्याच त्या क्षणी. ही लाज वेगळी.

लिंडनर म्हणाले, ‘‘डाख सुटला. चूक माझी.’’ झाकण लावलं, डबा कोटाच्या खिशात घातला, आणि कुणालाच पुन्हा पाहू दिला नाही.

मी मूग गिळून बसलो.

कुरण बंद झालं. शर्यतीचा निकाल रद्द झाला. लिंडनर यांनी क्लबच्या खोलीची किल्ली श्ट्रोबेल यांच्या हातात दिली. आणि गावाला एक नवा वाक्प्रचार मिळाला. बादली गळली, ‘लिंडनरचा डाख’. सायकलची घंटा निसटली, ‘लिंडनरचा डाख’. खुर्चीचा पाय मोडला तरी तेच! दुष्टपणाने नाही हो, ही माणसं वाईट नाहीत. थट्टाच. चाळीस वर्षं ज्या हातातून एक जोड सुटला नाही, त्या हाताची थट्टा. लिंडनर स्वतःही हसायचे, आणि बिअरचा ग्लास उचलायचे.

त्यानंतरच्या आठवड्यात ते माझ्या टेबलाशी आले. ‘‘तर, हेर अभ्यंकर, शनिवारी दुपारी वेळ आहे का? नवे डबे करायचे आहेत, सगळ्या क्लबसाठी. नळ्यांना भोकं तुम्ही पाडा.’’ मला वाटलं, वा! चला, भरपाई करायची संधी आली. स्वतःवर खूशही झालो थोडा. बेशरमपणा बघा माझा.

तो सगळा हिवाळा आम्ही शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये काढला. बाहेर बर्फ, आत लोखंडी शेगडी, शेगडीवर कॉफीचं भांडं. ते पत्रा वळवायचे, मी भोकं पाडायचो. बोलणं फारसं नाही. अधूनमधून कॉफी ओतताना ते थांबायचे, माझ्याकडे पाहायचे, जणू माझं काही बोलणं अर्धं राहिलं आहे. मी हवापाण्याचं काहीतरी काढायचो. ते मान हलवायचे आणि पत्र्याकडे वळायचे.

आणि एका शनिवारी — तिसरा असेल की चौथा — माझ्या हातात तयार डबा होता आणि नळी आत घालायची होती. नव्या नळीला डाखाऐवजी रिव्हेट होतं, बाकी घाट जुनाच. सहज, विचार न करता, मी नळी चोचीच्या बाजूने सरकवायला गेलो. जाईना. जाणारच नाही! नळी गोल, चोच चपटी. ती फक्त मागच्या झाकणातूनच आत जाते. आणि फक्त झाकणातूनच बाहेर येते.

माझा हात तिथेच राहिला. कळलं तुम्हाला? डाख सुटला असता तर नळी डब्यातच पडली असती. खुळखुळ्यासारखी वाजली असती. चोचीतून ती बाहेर जाणं शक्यच नव्हतं. झाकण उघडून कुणीतरी काढल्याशिवाय ती नाहीशी होणंच शक्य नव्हतं. हे ज्याने डबा बनवला त्याला कळायला किती वेळ लागेल? कुरणावर, झाकण उघडल्या क्षणी कळलं होतं त्यांना. सगळं कळलं होतं. म्हणून तर डबा इतक्या घाईने खिशात गेला — दुसऱ्या कुणाच्या डोक्यात हा प्रश्न यायच्या आत.

मी मान वर केली. ते शेजारच्या टेबलाशी कानस चालवत होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, थांबलेल्या. आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘‘गेनाऊ, अगदी बरोबर. त्या बाजूने ती जात नाही.’’

एवढंच. आणि कानस पुन्हा सुरू केली, हळू, जणू मला बोलायला जागा ठेवून.

बोलायचं होतं की नाही मग? दार सताड उघडं होतं. दोनच माणसं, शेगडी, कॉफी. मी नळी फिरवली, बरोबर बाजूने आत घातली, आणि म्हटलं — काय म्हटलं असेन? ‘‘आज बर्फ जास्तच आहे.’’

माझा अपराध विचाराल तर हा आहे. नळी काढली तो नव्हे, विमान पुन्हा सोडलं तोही एवढा नव्हे. त्यांना माहीत आहे हे मला माहीत झालं, मला माहीत झालंय हे त्यांनाही कळलं, आणि तरी पुढचे पंधरा शनिवार मी भोकं पाडत राहिलो आणि बर्फाबद्दल बोलत राहिलो. आणि सात वर्षं गावाने त्यांच्या डाखाला हसावं, आणि मी त्या हसण्यात सामील व्हावं. हो. हसलोय मी. दोन-तीनदा. सगळे हसत होते म्हणून.

वसंतात कचेरीने नव्या डब्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. गंमत बघा, फ्राऊ आइगनर यांनीच मार्ग काढला. त्या म्हणाल्या, शिवणयंत्राचा शब्द दिला होता ना, मग शिवणयंत्रच लावते. खिडकी उघडी टाकून त्या शिवायला बसल्या. कारकून शेजारी हातात वही घेऊन. लिंडनर यांनी मूठ हातात घेतली, मी विमान सोडलं. फेऱ्यांवर फेऱ्या. टाकी संपली, विमान उतरलं, आणि खिडकीतून अजून यंत्राचा आवाज येतच होता! बाई थांबल्याच नव्हत्या. शेवटी कारकुनाने त्यांना हाक मारली, तेव्हा म्हणाल्या, ‘‘झालं? मी पडद्याच्या दोन बाजू पुऱ्या केल्या.’’ सगळं कुरण हसलं. लिंडनर यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि पाठ फिरवून तारा गुंडाळत बसले, फार वेळ.

कुरण आजही चालू आहे. आजूबाजूच्या गावांतले क्लब लिंडनर यांच्या डब्याचा नमुना घेऊन जातात. फ्राऊ आइगनर रविवारी केक घेऊन येतात, आणि कडेला खुर्ची टाकून बसतात. कुणाला वाटेल, चला, वाईटातून चांगलं झालं. मलाही बरीच वर्षं असं वाटून घ्यावंसं वाटत होतं. पण ते चांगलं लिंडनर यांनी केलं. त्यात माझी फक्त भोकं.

माझी डॉक्टरेट झाली. संस्थेतच नोकरी लागली. लग्न झालं, सुमन आली, रोहिणी झाली. गेल्या आठवड्यात रोहिणीला मोज्यांच्या खणात ती नळी सापडली. भोकं बघून तिला वाटली बासरी. गाल फुगवून फुंकत बसली होती. मग माझ्याकडे आणून दिली आणि तिच्या जर्मनमध्ये तक्रार केली की ही वाजतच नाही. सुमनने विचारलं, ‘‘अहो, काय आहे ते?’’ मी म्हटलं, प्रयोगशाळेतलं काहीतरी असेल. पटकन, सफाईने. सात वर्षांत इतकी सवय झाली आहे की एका चार वर्षांच्या पोरीसमोर, स्वतःच्या बायकोशी, कारण नसताना मी खोटं बोललो.

आणि त्याच आठवड्यात श्ट्रोबेल यांनी समारंभाचं सांगितलं. मुद्दाम मला बाजूला घेऊन, डोळे मिचकावत म्हणाले की भेट ठरली आहे: पाणी घालायची एक झारी, बुडाला मुद्दाम भोक पाडलेली, आणि त्यावर छान अक्षरात कोरलेलं — ‘लिंडनरचा डाख’. सगळे पोट धरून हसतील म्हणाले. मी काय केलं असेल? हसलो. घरी येताना अर्ध्या वाटेत मला उमगलं की ही झारी ते घरी नेतील. फेकणार नाहीत, त्यांच्या स्वभावात नाही ते. बागेत ठेवतील. उरलेलं सगळं आयुष्य रोज सकाळी ती त्यांच्या डोळ्यांसमोर असेल, आणि तिच्यावर जे लिहिलं आहे ते खोटं आहे हे जगात फक्त दोघांना ठाऊक असेल. आणि त्यातला एक तोंड उघडणार नाही, कारण त्याने एकदा ठरवलं आहे. मग राहिलं कोण?

लिंडनर यांना सांगून उपयोग नाही, ते त्यांना माहीतच आहे. सांगायचं गावाला आहे. फ्राऊ आइगनर पुढच्या रांगेत बसतील. त्यांनाही. दोन वर्षांच्या प्रयोगापेक्षा हे सोपं आहे, असं मी सकाळपासून स्वतःला बजावतो आहे. आणि खरं सांगू? कागदावर एवढं उतरलं, तर छातीवरचं काहीतरी हललं आहे. इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा मला लिंडनर यांना भेटायला जावंसं वाटतंय. घाई झाली आहे जायची.

सुमन दारात उभी आहे, रोहिणीला कोट घालते आहे, उशीर झाला म्हणते आहे. गास्टहाउस पायी दहा मिनिटांवर. तिला वाटेतच सांगेन. नळी शर्टच्या खिशात आहे. झारी टेबलावर ठेवतील, तिच्याशेजारी ती ठेवायची. श्ट्रोबेल मला बोलायला बोलावतील. भाषण मी लिहिलं नाही. तीनच वाक्यं पाठ केली आहेत, जर्मनमध्ये, व्याकरण सुमनच्या शिकवणीच्या बाईंकडून तपासून न घेता.

नळी मी काढली. ‘आउस’ मला ऐकू आलं होतं. मायस्टर लिंडनर यांचा डाख पक्का होता.